चार आठवड्यांचा महिना

आमच्या घरात पत्रकं घडी करण्याची एक पद्धत आहे. बाबा सतरंजी टाकतात, मधोमध नवीन छापलेल्या कागदांचा ढीग ठेवतात आणि सगळे भोवती बसतात. कागद आधी आडवा दुमडायचा, मग उभा. घडीवर नख फिरवायचं नाही, नखाने शाई पसरते. स्टीलच्या वाटीची कड फिरवायची. मूठभर झाले की रबर लावून गड्डी मागे सरकवायची. हे मी अक्षरं येण्याच्या आधी शिकले. अक्षरंही त्याच कागदांवर शिकले. छपाई फसलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर माझी गणितं असायची आणि पुढच्या बाजूवर मोठ्या टायपात ‘याला जबाबदार कोण?’ असं काहीतरी. बाबांचा इतवारीत लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिकांवर घर चालायचं, पत्रकं बाबा जवळजवळ फुकटच छापून द्यायचे. आई मी कॉलेजात असताना गेली, तेव्हापासून तिची वाटी माझ्याकडे आहे.

त्या रविवारी दुपारी बाबांकडे आम्ही घडी करत बसलो होतो ते पत्रक मी लिहिलेलं होतं. कापडाच्या दुकानांत काम करणाऱ्या मुली दिवसभर उभ्या असतात, गिऱ्हाईक नसलं तरी त्यांना बसू देत नाहीत, त्यांना बसायला स्टूल द्या, एवढीच मागणी. त्यासाठी मी कितीतरी दिवस दुकानादुकानांतून फिरले होते. पोट दिसायला लागल्यावर मुली माझ्याशी जास्त बोलायला लागल्या होत्या. मी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसले होते. माझ्या बाजूला सासूबाई. त्या माझ्यासाठी गावाहून बेशाच्या आमच्या फ्लॅटवर राहायला आल्या होत्या. सातव्यात ओटी भरायचा त्यांचा बेत मी हाणून पाडला होता. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “तुह्या बापाले देव नाही, तर नसू दे. बायांले जेवायले बोलावलं तर देव चावते काय?” मग बाया जेवून गेल्या होत्या. ओटी भरली गेली नव्हती. आम्ही दोघीही आपणच जिंकलो असं समजत होतो.

सासूबाईंची घडी माझ्यापेक्षा सरळ पडत होती. बाबा म्हणाले, “ईनबाई, वाचून तर पाहा काय लिहिलं आहे.”

“वाचत नाही मी,” सासूबाई म्हणाल्या. “वाचलं का भांडण होते.”

माझं पोट मधूनमधून दगडासारखं घट्ट होत होतं. दुखत नव्हतं. जरा वेळाने सैल पडायचं. बसून बसून होत असेल असं मला वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की रबराला हात घातला की माझा हात थांबतो. एक गड्डी झाली, पोट घट्ट. दुसरी झाली, पुन्हा. मी मुद्दाम सावकाश घडी केली, तर गड्डी पुरी व्हायच्या आधीच झालं. म्हणजे गड्डीचा काही संबंध नव्हता. मला ते फक्त गड्डीमुळे दिसलं होतं.

“आई, पोट घट्ट होऊन राहिलं,” मी सासूबाईंना म्हटलं.

“बाळ फिरून राहिलं असंन. उठून चाल थोडी.”

मी चालले. पाणी प्यायले. मग डाव्या कुशीवर आडवी झाले. सगळे घडी करतच होते. मी वाटीचा कागदावर घासण्याचा आवाज ऐकत पडले आणि रबराचा टचकन आवाज आला की मोजायला लागले. पुढचा टचकन व्हायच्या आत पोट पुन्हा आवळलं जायचं.

सासूबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “कंबर दुखते काय वं?”

“दुखते. सकाळपासून.”

त्यांचा हात थांबला. त्या बोटाच्या पेरांवर काहीतरी मोजायला लागल्या. अंगठा एकेका पेरावर टेकत गेला, तिसऱ्या बोटाच्या मधल्या पेरावर आला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी वाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि बाबांना म्हणाल्या, “भाऊ, ऑटो बोलवा.”

*

दवाखान्यात माझ्या पोटावर एक पट्टा बांधला. मशीनमधून कागद निघत होता आणि त्यावर टेकड्या उमटत होत्या, एकीनंतर एक, सारख्या अंतराने. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. त्यांचा आवाज शांत होता. त्यांनी सांगितलं ते मी नंतर पुष्कळ बायकांना सांगितलं आहे, म्हणून मला शब्दशः आठवतं. पोट घट्ट होणं शेवटच्या महिन्यांत सगळ्यांनाच होतं. पाणी प्यायलं, कूस बदलली की ते थांबतं. थांबत नसेल आणि ठरावीक अंतराने येत असेल, सोबत कंबर धरत असेल, खाली दाब येत असेल, पाणी किंवा रक्त जात असेल, तर घरी वाट पाहायची नाही. दुखत नसलं तरी नाही. “दुखत नव्हतं म्हणून थांबल्या, अशाच बायका उशिरा येतात,” त्या म्हणाल्या. “गर्भाशयाचं तोंड थोडं उघडलेलं आहे. कळा पूर्ण थांबवता येतील असं मी सांगत नाही. एखादा दिवस पुढे ढकलता आल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन देता येईल. ते लागू व्हायला वेळ हवा.”

मी विचारलं, “कशामुळे झालं?”

“सांगता येत नाही.”

“म्हणजे तपासणीनंतर कळेल?”

“तपासण्या करू. पण पुष्कळदा कारण सापडतच नाही.”

मी कारणांवर वाढले आहे. आमच्या घरात कारण नसलेलं दुःख नव्हतं. रस्त्यावर खड्डा आहे तर कोणीतरी कंत्राट खाल्लं आहे, पोर शाळेत नाही तर कोणीतरी तिचं नाव कापलं आहे. बाबांनी मला लहानपणी शिकवलं होतं की पत्रकाच्या पहिल्या ओळीत झालं काय ते आणि दुसऱ्या ओळीत केलं कोणी ते. मी त्या खाटेवर पडून दुसरी ओळ शोधत होते. ती सापडली असती तर मला राग आला असता. राग मला ओळखीचा आहे, मी त्याच्यासोबत राहू शकते. पण तिथे काहीच नव्हतं. छतावरचा पंखा होता. सलाइन होतं.

भेटायला येणाऱ्यांना मात्र कारणं सापडत होती. नवऱ्याच्या मावशीने स्कूटर काढली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पपई काढली, मी ती खाल्लीच नव्हती. बाबांनी दुकानं काढली. “तू त्या पोरींसोबत उभी राहत होतीस. उभं राहण्यानेच झालं. आपण हे लिहू.” मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन होतं आणि त्यांचा हात त्यावर होता. मला कळलं की त्यांनाही फक्त दुसरी ओळ हवी आहे.

“बाबा, मी बसले होते,” मी म्हटलं. “घडी करत बसले होते.”

इंजेक्शनं झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच मुलगी झाली. ती रडली, पण लहान आवाजात, दुसऱ्या खोलीत कोणी रडावं तशी. मला ती दाखवली आणि नेली. लाल, सुरकुतलेली, खांद्यांवर बारीक लव. आता काहीतरी वाटेल म्हणून मी थांबले. काही वाटलं नाही. नर्स म्हणाली, “बघितलं ना बाळ?” मी हो म्हटलं.

*

मुलगी काचेच्या पेटीत होती, नाकाला नळी. मला प्रसूतीनंतर ताप आणि खोकला आला, म्हणून मला आत जाऊ देत नव्हते. मी मास्क लावून बाहेरच्या काचेशी उभी राहायची. नवरा मौद्याकडे कामाला आहे. त्याची होती नव्हती ती सुट्टी संपली, मग तो संध्याकाळी तिकडून सरळ यायचा, हात कोपरापर्यंत धुवून आत जायचा आणि पेटीच्या भोकातून एक बोट तिच्या तळव्याला लावून बसायचा.

सासूबाई आत जात नव्हत्या. त्या माझ्यासाठी डबा आणायच्या, माझे कपडे धुवायच्या, केसांना तेल लावायच्या. काचेपाशी मात्र येत नव्हत्या. जिन्याजवळच्या बाकावर बसून राहायच्या. त्यांनी टोपडं शिवलं नाही, दुपटं आणलं नाही, गावी फोन करून कोणाला मुलगी झाल्याचंही सांगितलं नाही. मी एकदा म्हटलं, “आई, आत जाऊन पाहून तर या.”

“पाहून काय करू?” त्या म्हणाल्या. “तू डाळ पी. दूध उतरलं पायजे.”

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं. त्याने वर केलेल्या बाह्या खाली ओढल्या. मग म्हणाला, “तिच्या हिशेबानं आठवा आहे.”

मला ठाऊक होतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. सातव्यात झालेलं मूल वाचतं, आठव्यातलं नाही, असं आमच्याकडे म्हातारी माणसं धरून चालतात. त्याच्याविरुद्ध मी एका वर्षी स्वतः पत्रक वाटलं आहे, बाबांनीच छापलेलं. मूल जितके दिवस पोटात जास्त राहील तितकं बरं, आठव्यातलं मूल सातव्यातल्यापेक्षा धडधाकट असतं, हे सरळ आहे, यात वाद घालण्यासारखं काही नाही. मी वाद घालायला तोंड उघडलं.

“माझ्या आधी एक झालं होतं तिले,” नवरा म्हणाला. “आठव्यात. गावीच झालं. मले मावशीनं सांगितलं, आईनं कधी नाही.”

मी तोंड मिटलं.

काही दिवसांनी मुलीची नळी निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता तिला पेटीपेक्षा माणसाची छाती जास्त उपयोगाची आहे. उघड्या अंगावर, उभं धरून, कापडाने बांधून, दिवसातून जितका वेळ जमेल तितका. अंगाची ऊब मिळते, श्वास धरून राहतो, वजन चढतं. माझा ताप अजून उतरला नव्हता. नवरा संध्याकाळी यायचा तेवढाच.

“दिवसा कोण आहे?” त्यांनी विचारलं. “आजी असली तरी चालते.”

आम्ही सासूबाईंना काचेपाशी बोलावलं. त्या आल्या, पण नजर जमिनीवर. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, “किती महिन्यांची आहे?”

“आम्ही आठवडे मोजतो, आजी. तेहतीस आठवडे पूर्ण झाले होते.”

“तेहतीस?”

“हो.”

सासूबाईंनी अंगठा बोटाच्या पेरावर ठेवला. “महिन्याचे आठवडे चार ना वं, बाई?”

डॉक्टरीणबाईंना आतून कोणीतरी हाक मारली होती. त्या वळता वळता म्हणाल्या, “हो, साधारण.” आणि गेल्या.

“चार आठं बत्तीस,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणजे आठ महिने पुरे झाले. वरून एक आठवडा.” त्यांनी पहिल्यांदाच काचेतून आत पाहिलं. “मंग नववा लागला होता.”

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि पाहत राहिल्या.

महिना चार आठवड्यांचा नसतो. दर महिन्याला वर उरणारे दोन-तीन दिवस जोडत गेलं की आठवा संपायला अजून बरेच दिवस होते. हे मला त्या बोलायच्या आत कळलं होतं. आणि मी टोकायला कधी चुकत नाही. मी बँकेतल्या साहेबांना टोकलं आहे, आमच्या लग्नात हारांचा खर्च करणाऱ्या चुलतसासऱ्यांना टोकलं आहे, देवळाच्या वर्गणीला आलेल्या पोरांना पावतीवर नोंदणी क्रमांक नाही म्हणून टोकलं आहे. लोक मला पाहून वाक्य बदलतात. खोट्याच्या आधाराने माणूस उभा राहत नाही, हे मी लिहिलेलं आहे आणि ते छापलेलं आहे.

आत, पेटीत, मुलीचा एक पाय कापडातून बाहेर आला होता. माझ्या अंगठ्याएवढं पाऊल.

“चार आठं बत्तीस,” मी म्हटलं.

ते तर खरंच आहे.

सासूबाईंनी मान हलवली. नर्सला म्हणाल्या, “सांग बाई, हात कुठे धुवायचे.”

*

त्यानंतर त्या रोज बसायच्या. दवाखान्याचा समोरून उघडा सदरा घालून, खुर्चीत मागे रेलून, मुलगी छातीवर बांधलेली. डोक्यावर टोपडं, ते त्यांनी त्याच दिवशी नर्सकडून कापड मागून शिवलं होतं. मी काचेबाहेरून पाहायची. त्या तिला काहीतरी सांगत असायच्या. ऐकू यायचं नाही, फक्त ओठ हलताना दिसायचे. मला आनंद व्हायला हवा होता. मला दिसत होतं की चांगलं होत आहे, जसं दुसऱ्याच्या घरात दिवा लागलेला दिसतो. मुलगी एखाद्या दिवशी दूध ओकायची, श्वास घ्यायला विसरायची, मशीन किंचाळायचं, नर्स तिच्या तळव्यावर टिचकी मारायची आणि ती पुन्हा श्वास घ्यायची. सासूबाई त्या वेळी हलायच्याही नाहीत. नर्स मला म्हणाली, “आजी भारी आहे तुमची. आम्ही घाबरतो, ती नाही घाबरत.”

“नववा लागला होता ना,” सासूबाई आतून म्हणाल्या. दार उघडं होतं म्हणून ते मला ऐकू आलं. त्यांचा तो चार आठवड्यांचा हिशेब बाबांच्याही कानावर गेला.

माझा ताप उतरला तेव्हा मलाही आत घेतलं. पहिल्यांदा बांधली तेव्हा ती इतकी हलकी होती की मला पुन्हा पुन्हा खाली पाहावं लागायचं. काय बोलायचं मला सुचत नव्हतं. सासूबाई बाहेरून काच वाजवून खुणेने सांगत होत्या, बोल, बोल. मी तिला दुकानांच्या पत्रकातली पहिली ओळ म्हणून दाखवली. मला तेवढंच पाठ होतं.

वजन चढायला लागलं. ती ओढून प्यायला लागली. मग आम्हाला घरी सोडलं.

*

बाबा बेशाला आले ते एका दुपारी. मुलगी सासूबाईंच्या छातीवर होती. घरीही आम्ही तिघं आळीपाळीने तिला बांधत होतो. बाबांनी खिशातून कागद काढला. त्यांच्या हातचा मजकूर, वर मोठ्या अक्षरांत शीर्षक. ‘आठव्या महिन्यातलं मूल वाचतं.’

“आपल्या घरातलंच उदाहरण आहे,” ते म्हणाले. “याच्याइतकं ठोस काय असणार? नाव घालायचं नाही. पण लिहायलाच पाहिजे.”

ते वाचायला लागले. चांगलं लिहिलं होतं. पहिल्या ओळीत झालं काय ते, दुसऱ्या ओळीत ही समजूत कोणाच्या सोयीची आहे ते. मी सासूबाईंकडे पाहिलं नाही.

“आधी पोट घट्ट होण्याचं लिहा,” मी म्हटलं. “बायांनी कधी निघायचं ते लिहा. हे शेवटी घ्या.”

“शेवटी का? मुद्दा तर हाच आहे.”

“बाबा, राहू द्या.”

“राहू काय द्यायचं? तू मला सांगतेस राहू द्या?” ते खरोखर गोंधळले होते. मग ते सासूबाईंकडे वळले, आदराने, त्यांना समजावून सांगावं तसे. “ईनबाई, रागावू नका. आठवाच होता. महिना चार आठवड्यांचा नसतो.”

सासूबाईंनी मुलीच्या पाठीवरचा हात काढला नाही.

“माहीत आहे मले,” त्या म्हणाल्या. “घरात कॅलेंडर मीच पाहते.”

बाबा कागद धरून उभे राहिले. “मग तेव्हा नववा कसा म्हणालात?”

“घ्यायचं होतं मले हिले.” त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता, भाजी काय करायची विचारताना असतो तसा. “त्या वक्ती कोणी मांडीवर दिलं नाही. म्हणे जीव नको लावू. पाटीत ठेवलं होतं, चुलीजवळ. रडणं ऐकू येत होतं.” मग त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “ही टोकंन म्हणून भेव वाटत होतं मले. टोकलं असतं तर मंग कशी उचलली असती?”

बाबांनी कागद आडवा दुमडला, मग उभा. घडीवर फिरवायला त्यांचा हात बाजूला वाटी शोधत गेला. वाटी नव्हती. त्यांनी घडी तशीच खिशात ठेवली.

“लिहा ना तुमी,” सासूबाई म्हणाल्या. “लिहू नका कोण म्हणते? पण त्यात हे लिहा का उचलून घ्या म्हणा. कोणताही महिना असू दे.” मग माझ्याकडे वळून, “इकडे ये वं. घे हिले. माही कंबर गेली.”

मी जवळ गेले. त्यांनी खांद्यावरची गाठ सोडली. मुलीची छाती त्यांच्या घामाने ओली झाली होती आणि गालावर त्यांच्या मंगळसूत्राच्या मण्यांचे वळ उठले होते. मी तिला माझ्या अंगाला लावलं, गाठ मारली. सासूबाईंनी गाठ तपासून पाहिली आणि पुन्हा घट्ट केली. मला काय वाटलं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. ती गरम होती, एवढं कळलं, आणि ती ऊब माझी नव्हती.